माळशेजला गेलो आणि सगळं राखाडी आलं

उन्हाळ्यात सगळे विचारतात कुठला कॅमेरा घेऊ, आणि जून लागला की विचारतात घेतलेला कॅमेरा आता सुकवू कसा. यावेळी ठाणे आणि नवी मुंबईकडून एवढे प्रश्न आले की अख्खं पान त्यांनाच देऊन टाकलंय. पत्रं जरा कापली आहेत, राग मानू नका.

काका, आम्ही चौघं मित्र पहाटे साडेचारला कळव्याहून निघून माळशेजला गेलो. हिरवे डोंगर, धबधबे असं सगळं डोक्यात होतं. पोचलो तर दहा फुटांपलीकडचं दिसेना. तीन तास थांबून दोनशे फोटो काढले, सगळे राखाडी. म्हणजे धुकं पण धड पांढरं आलेलं नाही, कळकट आलंय. कॅमेरा बिघडलाय की आमचं नशीब? – एक वैतागलेला, कळवा

दोन्ही ठीक आहेत रे बाबांनो. कॅमेऱ्यातल्या मीटरला धुकं, बर्फ, कोळसा काही कळत नाही, समोर जे काय येईल ते सरासरी मध्यम राखाडीच असणार असं ते धरून चालतं, त्यामुळे चौकटभर पांढरं धुकं दिसलं की त्याला वाटतं बापरे केवढा उजेड, आणि ते फोटो काळवंडून टाकतं. यावर इलाज म्हणजे ते प्लस-मायनसचं बटण, एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन. धुक्यात प्लस ०.७ ते प्लस १ करून बघा, धुकं धुक्यासारखं दिसेल. हिस्टोग्रामचा, म्हणजे स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाचा, डोंगर उजव्या भिंतीला जाऊन चिकटत नाही ना एवढं बघायचं. आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढा, नेहमीच्या जेपेगमध्ये असल्या फिक्या फोटोत नंतर फारसं काही सावरता येत नाही.

आता दुसरी गोष्ट, ती बटणाने सुटत नाही. दोनशेच्या दोनशे फोटो दरीकडे तोंड करून काढले असणार तुम्ही, पैज लावतो. कारण मीही तेच केलंय. काही वर्षांपूर्वी तिथेच घाटमाथ्यावर मी दीड तास ट्रायपॉड लावून दरीकडे बघत उभा होतो, आत्ता उघडेल मग उघडेल करत, आणि माझ्या पाठीमागे एक मावशी निळ्या ताडपत्रीखाली कणसं भाजत बसलेली. चहा प्यायला वळलो तेव्हा दिसलं. ताडपत्रीच्या कडेवरून पाणी गळतंय, धूर वर जाऊन धुक्यात कुठे मिसळतो ते कळत नाहीये, आणि तिने पुठ्ठ्याने वारा घातला की निखारे लाल व्हायचे, अख्ख्या राखाडी जगात तेवढाच एक रंग. मावशींना विचारलं, काढू का फोटो? म्हणाल्या काढ, पण कणीस घे. दोन घेतली. त्या दिवसाचा तोच एक फोटो मी अजून ठेवलाय. दरी उघडली, नाही असं नाही, पण चार मिनिटं उघडली आणि लेन्स पुसायचं फडकं गाडीत होतं. त्या चार मिनिटांच्या प्रत्येक फोटोत धबधब्यावर बरोब्बर एक थेंब आहे.

तर नुसत्या धुक्याचा फोटो म्हणजे कोरा कागद. जवळचं, गडद काहीतरी हवं त्यात, एखादं झाड, कठड्याचा दगड, छत्रीतला माणूस. झाडं एकामागे एक असतील तर आणखी चांगलं, पहिलं काळं, दुसरं करडं, तिसरं असून नसल्यासारखं, खोली तिथूनच येते. आणि तीन तास एकाच जागी कशाला थांबलात? ढग समुद्रावरून येतात, सह्याद्रीला अडून वर चढतात, वर गार होतात आणि माथ्यावरच रिकामे होतात. तुम्ही नेमके त्या रिकामं होण्याच्या जागी उभे. घाट चढून तसंच पुढे पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेने ओतूरच्या दिशेने गेलात तर पुष्कळदा थोड्याच वेळात ढगांचं छत वर उचललं जातं आणि खाली शेतं, पाणी, मागे घाटमाथ्यावर अडकलेले ढग असा सगळा पसारा दिसतो. घाटात मात्र कड्याखाली गाडी लावून फोटो काढत बसू नका, पावसात तिथे दरडी येतात.

सीवूड्सहून लिहितेय. पाम बीच रोडवरून कर्नाळ्याच्या दिशेने जाताना मस्त ढग दिसले म्हणून गाडी बाजूला घेऊन उतरले, कॅमेरा काढला तर समोर सगळं धूसर. लेन्स ओढणीने पुसली, परत धूसर. पाचदा पुसली. तोवर ढग गेले. – फोटोहुकलेली

ताई, एसी! गाडीत तुमचा कॅमेरा वीस-बावीस अंशांवर गार झालेला, आणि आपल्याकडे जून-जुलैत हवेचा दवबिंदू पंचविसाच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार जी वस्तू बाहेर काढाल तिच्यावर दव धरणारच. फ्रिजमधली बाटली ओट्यावर ठेवली की कशी घामेजते, तसं. कितीही पुसा, काच गार आहे तोवर ते येतच राहणार. पुसायचं नाहीच. कॅमेरा बॅगेत ठेवून बॅग डिकीत टाकायची, तिथे एसीचा वारा कमी पोचतो. किंवा उतरायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करायच्या, घरचे कुरकुरतील, करू देत. डिकी नसलेल्यांनी कॅमेरा झिपलॉकच्या पिशवीत बंद करून न्यावा आणि बाहेर आल्यावर पिशवी लगेच उघडू नये, दव पिशवीवर धरतं, कॅमेऱ्यावर नाही. धुकं बाहेरच्या काचेवर नसून आत दिसत असेल तर मात्र तासभर कॅमेरा चालू पण करू नका आणि लेन्स तर बदलूच नका.

आणि ओढणी नको हो. ओढणीवर, शर्टाच्या टोकावर, रुमालावर बारीक धूळ असते आणि ओल्या काचेवर ती घासली जाते. मायक्रोफायबरची दोन फडकी ठेवा, एक खिशात आणि एक पिशवीत कोरडं. खिशातलं दहा मिनिटांत भिजतं.

लाँग वीकेंडला भंडारदऱ्याला जायचं बुकिंग केलंय. अ‍ॅप रोज वेगळंच सांगतं, काल ८० टक्के, आज ४० टक्के. हवामानावर विश्वास ठेवायचा तरी कसा? मिसेस म्हणते कॅन्सल करा. – मानपाड्याहून

त्या टक्क्यांकडे बघणं आधी सोडा. ८० टक्के म्हणजे दिवसातला ८० टक्के वेळ पाऊस असं नाही, आणि ८० टक्के जोरात असंही नाही, त्या भागात पाऊस पडायची शक्यता तेवढी आहे एवढंच. जुलैत भंडारदऱ्याला पाऊस पडणार आहे हे सांगायला अ‍ॅप कशाला हवं, माझी आजीही सांगायची.

मी काय बघतो ते सांगतो. दोन दिवस आधी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा. भंडारदऱ्यासाठी ठाणे नाही, अहिल्यानगर आणि नाशिक बघायचे, ही चूक फार जण करतात. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर गेला की खात्याच्या भाषेत तो जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अतितीव्र. रेड अलर्ट असेल तर मिसेसचं ऐका, चर्चा नको. ऑरेंज असेल तर मी घाटातला रस्ता आणि पाण्याजवळच्या जागा वगळतो. यलो असेल तर थर्मासमध्ये चहा भरतो.

निघायच्या दिवशी सकाळी रडारचं चित्र. हवामान खात्याच्या साइटवर मुंबईच्या रडारची चित्रं फुकट दिसतात, दोन-तीन चित्रं एकापाठोपाठ बघितली की पावसाचा पट्टा कुठून कुठे सरकतोय आणि त्याच्या मागे रिकामी जागा आहे का ते कळतं. मला हवी असते ती रिकामी जागा. सर येऊन गेल्यावर हवेतली धूळ धुतली जाते, डोंगर हाताला लागतील असे जवळ येतात, ढग फाटून उन्हाची एक तिरीप कुठेतरी एकाच टेकडीवर पडते आणि बाकी सगळं गडद. असा प्रकाश निरभ्र दिवशी अख्खा दिवस बसलात तरी मिळणार नाही. म्हणून पाऊस थांबला की निघू असं म्हणणाऱ्यांना मी सांगतो, थांबेल तेव्हा तुम्ही तिथे पोचलेले पाहिजे, ट्रायपॉड उघडून, चहा पिऊन, भिजून वगैरे झालेलं पाहिजे.

बुकिंग ठेवा. घाटघर, रतनवाडी पार धुक्यात असेल तर राजूरवरून अकोले गावाच्या बाजूला उतरा, पूर्वेकडे जाल तसा पाऊस भराभर कमी होतो. एकच गोष्ट, विजा. भर जुलैत कमी असतात, पण मान्सून यायच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात दुपारनंतर हमखास. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर वीज लांब. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर कड्यावरून, मोकळ्या माळावरून खाली या आणि गाडीत बसा, झाडाखाली नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी नावाचं अ‍ॅप आहे, जवळपास विजा पडतायत का ते त्यात दिसतं, फोनमध्ये असू द्या.

काका, मी ऐरोलीला राहते, एफवायला आहे. माझ्याकडे फोनच आहे, पण वॉटरप्रूफ आहे, आयपी ६८. आई पावसात काढूच देत नाही. तुम्ही आईला सांगा ना. आणि फोनवर लँडस्केप चांगले येतात का? – आईची लाडकी (सध्या नाही)

अगं, आई अर्धी बरोबर आहे. आयपी ६८ म्हणजे कंपनीने ठरवलेल्या खोलीत, ठरवलेला वेळ, साध्या स्वच्छ पाण्यात, नव्या कोऱ्या फोनची परीक्षा घेतलीय. तुझा फोन दोनदा पडलेला असेल तर त्याचं सील पहिल्यासारखं राहिलंय की नाही कोणाला माहीत. खाडीचं खारं पाणी त्या परीक्षेत नव्हतंच. पावसाचे थेंब चालतात, खाडीचे शिंतोडे उडाले तर घरी येऊन साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पूस, आणि पोर्ट पूर्ण सुकल्याशिवाय चार्जिंगला लावू नकोस. हे सगळं आईला वाचून दाखव.

फोटोंचं म्हणशील तर फोनवर छान येतात, अडचणी वेगळ्याच असतात. ओल्या स्क्रीनला बोट कळत नाही, भलतीकडेच फोकस होतो, म्हणून आवाजाच्या बटणाने फोटो काढायचा. ढगांवर बोट दाबून धरलंस की फोकस आणि एक्स्पोजर लॉक होतं, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढून उजेड थोडा कमी कर, ढगांचा पोत येतो. अल्ट्रावाइडचा मोह आवर, ०.५ वर पारसिकची टेकडी पण मुंगीच्या वारुळाएवढी दिसते. त्यापेक्षा २ किंवा ३ वर जाऊन डोंगराचा एखादा तुकडाच घे. आणि फोटो काढायच्या आधी फोनची लेन्स पूस. ह्या एका गोष्टीने निम्मे फोटो सुधारतील, कारण दिवसभर आपलं बोट तिच्यावरच असतं. बाकी ऐरोलीला राहून तुला लांब कशाला जायचंय, खाडी दाराशी आहे. भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघत जा, ओहोटीला उघडा पडलेला चिखल ढगाळ संध्याकाळी चांदीसारखा चकाकतो.

पांडवकड्याला जायला निघालो तर खालीच अडवलं, परत पाठवलं. ट्रायपॉड, फिल्टर सगळं घेऊन गेलो होतो. फोटोग्राफरना तरी परवानगी नको का? आम्ही काय दारू प्यायला जातोय? – खारघर

नको. दर पावसाळ्यात तिथे बंदी असते आणि ती लोक वाहून गेलेत म्हणून असते, पाण्याला ट्रायपॉड आणि बाटली यातला फरक कळत नाही. तुम्ही खाली कोरड्यात उभे असता, वर पठारावर ढग कोसळतो आणि लोंढा काही मिनिटांत खाली येतो. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा, काटक्या यायला लागल्या की वर काहीतरी झालंय असं समजायचं, पण दहा सेकंदांचं एक्स्पोजर लावून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसलेल्या माणसाला ते दिसत नाही.

धबधबा खारघरच्या रस्त्यांवरूनही लांबून दिसतो, लांबचं जवळ आणणारी टेली लेन्स लावा. २०० मिलिमीटरवर मागचा अख्खा कडा, त्यावर टेकलेले ढग आणि मध्ये पांढरी रेघ असा फोटो येतो, आणि पुढे बिल्डिंगा येऊ द्या की, आपलं शहर तसंच आहे. टॉवरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणि मागे धबधबा, हा फोटो मी बघायला उत्सुक आहे. काढलात तर पाठवा.

संध्याकाळी पाऊस थांबून ऊन पडतं तेव्हा इंद्रधनुष्य हमखास असणार असं वाटतं पण मला कधीच सापडत नाही. ठाण्यात कुठे बघू? – वसंत विहार

सूर्याकडे पाठ करा. अहो खरंच, बहुतेक लोक ऊन आलं की उन्हाकडेच बघतात. इंद्रधनुष्य कायम सूर्याच्या बरोब्बर समोरच्या बाजूला असतं आणि सूर्य क्षितिजापासून ४२ अंशांच्या खाली आल्याशिवाय जमिनीवरून दिसत नाही, म्हणजे जुलैत दुपारी चारच्या आधी शोधूच नका. संध्याकाळी येऊरच्या डोंगराकडे पाठ करून कळवा-मुंब्र्याच्या डोंगरांकडे बघायचं, गच्ची असेल तर उत्तमच. नवी मुंबईकरांनी पाम बीचवर खाडीकडे पाठ करावी.

पोलरायझर, म्हणजे चमक मारणारा फिरता फिल्टर, लावला असेल तर सावकाश फिरवून बघा. एका कोनात रंग उठून येतात आणि दुसऱ्या कोनात इंद्रधनुष्य चक्क पुसलं जातं. माझ्या एका मित्राने अख्खं इंद्रधनुष्य असं फिल्टरने घालवलं आणि वर मला म्हणतो, विरलं रे. एरवी पावसाळ्यात हा फिल्टर काढूच नका असंच मी सांगेन, ओल्या पानांवरची आणि दगडांवरची चमक तो मारतो आणि खालचा खरा हिरवा रंग वर येतो, हे नंतर कॉम्प्युटरवर करता येत नाही. प्रकाश मात्र एक ते दोन स्टॉप, म्हणजे निम्मा ते पाऊण खातो, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) वाढवायची तयारी ठेवा.

इंद्रधनुष्याचा थोरला भाऊ बघायचा असेल तर हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा. सकाळी सूर्य पाठीशी, समोर दरीत खाली धुकं, असं जुळलं तर धुक्यावर आपलीच सावली आणि तिच्याभोवती गोल रंगीत कडं दिसतं, त्याला इंद्रवज्र म्हणतात. मी चारदा गेलोय. एकदा दिसलं, तेव्हा बॅटरी संपली होती.

लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. बॅटरी टॉर्च मारल्यावर दिसतं. कपाटात लेदरच्या केसमध्ये नीट ठेवली होती. तांदळात ठेवू का? – कोपरी

फंगस आहे. तांदळात ठेवू नका, तांदळाची पूड आत जाईल आणि दोन आजार होतील. चांगल्या रिपेअरवाल्याकडे लवकर न्या, सुरुवातीला साफ होतं, उशीर झाला की काचेच्या कोटिंगवर कायमची खूण राहते. लेदरची केस फेकून द्या, ती ओल धरून ठेवते. किराणा ठेवायचा हवाबंद प्लॅस्टिकचा मोठा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला म्हणजे झालं. जेलचा रंग बदलला की गरम करून परत वापरायचं. कपाटात बंद राहिलेल्या लेन्सलाच फंगस जास्त धरतो, महिन्यातून दोनदा तरी तिला बाहेर काढून उजेड दाखवा.

महागडा रेन कव्हर घ्यायचा की शॉवर कॅप चालते? आणि छत्री कुठली? – घोडबंदर रोड

रिमझिमीत हॉटेलातली शॉवर कॅप चालते, वाऱ्याच्या पावसात ती कॅमेऱ्याआधी उडून जाते. रेन कव्हर म्हणून मी जाड प्लॅस्टिकची पिशवी वापरतो, लेन्सच्या तोंडापुरतं भोक, त्यावर हूड आणि रबरबँड. थांबलात की कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे.

छत्री मात्र विचारलंत ते बरं झालं. लांब दांड्याची, जुनी, काळी. फोल्डिंगची घाटमाथ्यावर पहिल्याच झोतात उलटी होते, आणि लाल-निळी घेतलीत तर तिचा रंग खाली सगळ्यावर उतरतो. माझ्याकडे बायकोच्या लाल छत्रीखाली काढलेले नाणेघाटातल्या रानफुलांचे चाळीस क्लोजअप आहेत, सगळी पांढरी फुलं गुलाबी आलीत.